कोपराला कोणतं तेल लावू, असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, तुमचं सगळं लिहिणं मी दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. वय ४३, डोंबिवलीत घरून पोळी-भाजीचा व्यवसाय, रोज शंभर-सव्वाशे पोळ्या. आठ महिन्यांपासून उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते. हाडांच्या डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगून तिथे दोन इंजेक्शनं दिली. पहिल्याने सहा आठवडे आराम पडला, दुसऱ्याने जेमतेम तीन; तिसरं घ्यायचं नाही असं तुम्ही ठरवलंय. इंजेक्शनच्या जागी कातडी पांढुरकी होऊन छोटा खळगा पडलाय. महिनाभर दुकानातलं तेल चोळून झालं, फरक शून्य. मधे कुणीतरी दिलेल्या काळ्या पुडीने दोन दिवसांत हात मोकळा झाला आणि पंधरा दिवसांनी पुड्या संपताच पहिले पाढे पंचावन्न. शेजारच्या काकू म्हणतात, डाग देऊन घे. आणि तुमचे प्रश्न तीन: तेल कोणतं लावू, अग्निकर्म (म्हणजे हा डागच) करू का, आणि हा वात अंगात भिनलाय का?

मी साताऱ्यात बावीस वर्षं वैद्यकी करते, शल्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातली शस्त्रक्रिया, हा माझा विषय. कोपर धरून येणाऱ्यांत शिंपी, गवंडी, रंगारी असतात, दिवसभर माउस फिरवणारी मुलं असतात, आणि पोळ्या करणाऱ्या बायका तर असतातच. बहुतेकांचा पहिला प्रश्न तेलाचाच. पण तेलाच्या नावावर इथे फार थोडं अवलंबून आहे. तुमच्या कोपराला रोज जेवढं काम पडतं तेवढं झेलायची ताकद त्या जागेत उरलेली नाही. दुखणं कमी करणं हे एक काम आणि ती ताकद परत आणणं हे दुसरं. आठ महिन्यांत तुम्ही जे जे केलंत ते सगळं पहिल्या कामासाठी होतं. दुसऱ्याला अजून हातच लागलेला नाही.

तुमचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं ‘दुखणं खरोखर कोपराचंच असेल तर’ या अटीवर वाचा. ही अट मी उगाच घालत नाही. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक रंगारी आला होता. कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवून ‘इथंच’ म्हणाला. मी दहा दिवसांच्या अंतराने दोनदा अग्निकर्म केलं. काही उपयोग नाही. तिसऱ्या वेळी तो सहज बोलून गेला की छत रंगवताना मान वर केली की अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. दुखणं मानेतून निघालं होतं आणि मी कोपर डागत बसले होते. ग्रंथात याला वेगळं नाव आहे, विश्वाची. पाठीमागून दंडातून बोटांपर्यंत जाणारं, हाताचं काम बंद पाडणारं दुखणं. त्याचे उपचारही वेगळे. तिथे नस्य (नाकात औषध सोडणं), मानेचा शेक, मानेचे व्यायाम यांचा उपयोग होतो. माझी चूक एवढीच की मी त्याला मान हलवायला सांगितलंच नव्हतं.

म्हणून आधी घरी चार गोष्टी करून बघा. हात कोपरात सरळ ठेवून टेबलावर टेका, तळवा जमिनीकडे. मूठ वळा आणि मनगट वर उचला. त्याच वेळी डाव्या हाताने ते खाली दाबा. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी नेमकी कळ आली तर दुखणं तिथलंच असण्याची शक्यता मोठी. मग दुधाची एक लिटरची पिशवी तळवा खाली ठेवून उचला आणि नंतर तळवा वर ठेवून. पहिल्या वेळी कळ आणि दुसऱ्या वेळी बरीच कमी, हेही त्याच बाजूचं लक्षण. तिसरं, मान दोन्ही बाजूंना वळवून आणि मागे नेऊन बघा. त्याने हातात चमक किंवा मुंग्या उतरत असतील तर मान तपासून घ्या. चौथं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर प्रश्न कोपराच्या आतल्या बाजूच्या नसेचा असू शकतो, आणि तिथे बाहेरच्या बाजूला कितीही तेल जिरवून काही होणार नाही.

काही गोष्टींत मात्र मला किंवा दुसऱ्या कुणाला विचारत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. पकड अचानक जाऊन वस्तू हातातून पडणं. पडल्या-झडल्यानंतर कोपर सरळ न होणं. दुखणं डाव्या हातात असून चालताना वाढणं आणि छाती भरून येणं. सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडत असतील तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो, रक्त तपासावं लागतं. आमवातात तर तेल चोळून दुखणं वाढतं, तिथे कोरड्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक देतात. तेलाने आपलं दुखणं वाढतं असं कुणी सांगितलं की माझे कान टवकारतात ते यामुळेच.

आता ‘वात भिनलाय का’ याकडे येते. भिनलेला नाही, एका जागी बसलाय. कोणत्या जागी, हे समजलं की उपचारही समजतील.

मराठीत आपण मसलला स्नायू म्हणतो, पण प्राचीन शल्यवैद्य सुश्रुतांचा स्नायू वेगळा. त्यांचा स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोरखंडासारखे पट्टे. मांसल भागाला ते पेशी म्हणतात. मनगट वर उचलणाऱ्या पेशी पुढच्या हातावर (कोपर ते मनगट) असतात आणि त्या एका चिवट दोरीने कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाला बांधलेल्या असतात. लाटणं धरताना, कपडा पिळताना, पकडीने तवा उचलताना मनगट स्थिर ठेवायचं काम त्या दोरीवर येतं. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं की तिचे तंतू झिजतात, विसकटतात आणि भरून यायला वेळ मिळाला नाही तर तसेच अर्धवट राहतात. आधुनिक डॉक्टरही आता याला निव्वळ सूज मानत नाहीत, झीज मानतात. आम्ही याला स्नायुगत वात म्हणतो: रूक्षता (कोरडेपणा), क्षय (झीज), आणि त्यातून शूळ (कळ). शब्द वेगळे असले तरी बोट एकाच जागेवर आहे.

इंजेक्शनचं कोडंही इथेच उलगडतं. स्टेरॉइडने वेदना झपाट्याने दबते, पण झिजलेले तंतू त्याने भरून येत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ५४ टक्के होतं आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांत १२ टक्के. तुमच्या डॉक्टरांनी काही वावगं केलं असं मी म्हणत नाही. लग्नसराईच्या ऑर्डरी समोर असताना रुग्णच इंजेक्शन मागतो, हे मी रोज बघते. पण तिसरं नको हा तुमचा निर्णय मला पटतो. कातडीवरचा पांढरा डाग आणि खळगा हाही त्या औषधाचाच परिणाम. तिथली चरबी आणि रंग कमी झालाय. बऱ्याचदा ते महिन्यांनी भरून येतं. पुढे अग्निकर्माचं सांगताना या पांढऱ्या डागाचा विषय पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

स्नायू, संधी आणि अस्थी यांत वात गेला तर काय करावं, यासाठी सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चौथ्या अध्यायात पाच गोष्टी एका ओळीत सांगितल्या आहेत: स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि उन्मर्दन. म्हणजे तेल-तूप, पोटीस बांधणं, डाग, पट्टी आणि मर्दन. त्याच श्लोकात आणखी एक शब्द आहे, तो विद्यार्थी असताना मी पादपूरण (श्लोकाची ओळ भरायला घातलेला शब्द) समजून सोडून दिला होता: ‘अतंद्रित’. हे सगळं आळस न करता करावं. आज मला त्या ओळीतला सगळ्यात कामाचा शब्द तोच वाटतो. कारण माणसं पाचांतली एकच गोष्ट उचलतात, ती चार दिवस करतात आणि मग मला विचारतात की आयुर्वेदाने गुण का येत नाही.

तेलाचं लवकर आटोपते. साधं तीळतेल चालेल. महानारायण किंवा सहचर तेल मिळालं तर बरं. हात जड, आखडलेला, थंडीत वाढणारा असेल तर केरळी पद्धतीचं कोट्टमचुक्कादी मी देते. विषगर्भ तेलात बचनाग हे विषारी मूळ असतं, म्हणून कातडी फुटलेली असेल तर ते लावू नये आणि लावल्यावर हात साबणाने धुवावेत. पोळ्या करणाऱ्या हाताला ते मी सुचवतच नाही. तेल कोमट, दोन छोटे चमचे, दहा मिनिटं. हाडाच्या टोकावर अंगठा रुतवून रगडू नका. कोपर हे मर्मस्थान आहे, कूर्पर मर्म, आणि त्याला मार बसला तर हात लुळा-वाकडा राहतो असं ग्रंथ सांगतात. दंडापासून मनगटापर्यंत लांब, हलका हात फिरवायचा आणि कोपराखालच्या मांसल भागावर जरा जोर द्यायचा. हाड बसवून देणाऱ्याकडे झटके घ्यायला तर मुळीच जाऊ नका.

तुम्ही महिनाभर तेल चोळलंत त्याचा उपयोग का झाला नाही? तेल लावून लगेच सव्वाशे पोळ्या लाटल्यात म्हणून. शिवाय नुसतं तेल वरचेवर राहतं, त्याला उष्णतेची जोड लागते. ती जोड म्हणजे उपनाह. आयुर्वेदातल्या उपचारांत घरी करता येण्याजोगा आणि सगळ्यात दुर्लक्षित असा हाच, म्हणून तो नीट लिहिते.

दोन चमचे गव्हाचं जाडसर पीठ (जवाचं मिळालं तर उत्तम), एक चमचा कुटलेले तीळ, अर्धा चमचा सैंधव, मूठभर निर्गुंडीची पानं वाटून, दोन चमचे तीळतेल. आमच्याकडे निर्गुंडी बांधावर आणि कुंपणाला मुबलक असते; डोंबिवलीत ओला पाला नाही मिळाला तर काष्ठौषधींच्या दुकानातून पानांची पूड आणा. हे सगळं लागेल तसं पाणी घालत मंद आचेवर शिऱ्यासारखं घट्ट होईपर्यंत हलवायचं. तुम्हाला यात शिकवण्यासारखं काही नाही. पण ढवळायचं मात्र डाव्या हाताने. बाळाच्या आंघोळीचं पाणी जसं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतो तसं बघायचं. सोसवेल इतकंच गरम. कोपराला तेल लावून त्यावर बोटभर जाडीचा थर, वर तव्यावर किंचित गरम केलेलं एरंडाचं पान, आणि त्यावर सुती पट्टी सैलसर गुंडाळायची. पान नसेल तर जुन्या धोतराचा तुकडा. रात्री बांधलेलं सकाळी सोडायचं, हा चरकांचा नियम आहे आणि तो सोयीचाही आहे. तुमच्या त्या पांढऱ्या डागावर मिठाने चुरचुरू शकतं, म्हणून पहिल्या दिवशी अर्धाच तास ठेवून बघा. खाज, पुरळ आलं तर धुऊन टाका. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांनी शेकाचा कुठलाही प्रकार दुसऱ्याच्या हाताने तपासूनच करावा. गरम पाण्याच्या पिशवीने पोळलेले हात मी पाहिलेत.

एक दिवसाआड, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात ‘सकाळी हात हलका वाटतो’ एवढंच बायका सांगतात. पण तो हलकेपणा उपयोगाचा आहे, कारण त्यातच पुढचा व्यायाम करायचा असतो.

आता काकूंचा डाग. अग्निकर्माला मी नावं ठेवणार नाही, मी स्वतः करते आणि नीट निवडलेल्या रुग्णात त्याचा गुण लवकर दिसतो. पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, मोठ्या आणि काटेकोर चाचण्या यावर फारशा झालेल्या नाहीत. माझं मत मुख्यतः माझ्या आणि सहकाऱ्यांच्या अनुभवावर उभं आहे. दुसरी, आज आम्ही जी पंचधातूची शलाका (सळई) वापरतो ती स्नायूसाठी ग्रंथात जशीच्या तशी सांगितलेली नाही. सुश्रुतांनी धातूच्या शलाका मांसगत दुखण्यासाठी सांगितल्या, आणि शिरा, स्नायू, संधी, अस्थी यांच्यासाठी मध, गूळ आणि तेल-तूप तापवून वापरायला सांगितलं. शलाकेची पद्धत आजच्या वैद्यांनी रुळवली, कारण ती आटोक्यात राहते. ‘पाच हजार वर्षांपूर्वीची हीच पद्धत’ अशी जाहिरात दिसली तर थोडं हसून सोडून द्या.

प्रत्यक्षात होतं काय? सगळ्यात दुखरा बिंदू बोटाने शोधून तिथे पेनाने खूण करते. जागा धुऊन कोरडी करते. शलाकेचं टोक ज्योतीवर लाल होईपर्यंत तापतं, आणि मग त्वचेला निमिषभर टेकवून उचलायचं. चर्र असा बारीक आवाज होतो, केस जळल्याचा वास येतो, आणि रुग्ण ‘झालं?’ म्हणेपर्यंत मी कोरफडीचा गर लावलेला असतो. असे पाच ते सात बिंदू, एकमेकांपासून जरा अंतर ठेवून. नंतर मध-तूप. एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही. खपल्या आठ-दहा दिवसांत पडतात, डाग मात्र काही महिने राहतात आणि सावळ्या कातडीवर जास्त दिसतात. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मुलीच्या लग्नात बिनबाह्यांचं ब्लाउज शिवलेल्या बाईचा राग सोसावा लागतो. मी सोसलाय.

कुणाला नाही करायचं? साखर आटोक्यात नसलेल्यांना, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना, जखमेचे व्रण उंच वाढत जाणाऱ्यांना, गरोदर बायकांना, आणि भित्र्या माणसाला. शेवटचा विनोद नाही, सुश्रुतांच्या निषेधांच्या यादीत ‘भीरू’ आहे. शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतूही एरवी टाळायचे. माझा स्वतःचा आणखी एक नियम आहे: स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर किमान सहा आठवडे थांबायचं आणि कातडी पातळ, पांढरी पडली असेल तर त्या जागेवर शलाका टेकवायचीच नाही. अशी कातडी भरून यायला नाठाळ असते. म्हणून ताई, तुमच्यासाठी माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. डाग भरत आल्यावर, तोपर्यंत गरज उरलीच तर, नोंदणीकृत आणि हे नेहमी करणाऱ्या वैद्याकडून करून घ्या. दोन वेळा करूनही काडीचा फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा करण्याऐवजी निदान तपासून घ्या. त्या रंगाऱ्याने मला शिकवलेला धडा हाच.

आणि अग्निकर्माचा एक धोका कुठल्याच ग्रंथात नाही. आमच्याकडे खानावळ चालवणाऱ्या एक वहिनी आहेत. होळीच्या पाच दिवस आधी त्यांना अग्निकर्म केलं, दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘डॉक्टर, जादू झाली.’ होळीनंतरच्या आठवड्यात दारात उभ्या, हात गळ्यात बांधलेला. दुखत नव्हतं म्हणून दोनशे पुरणपोळ्या लाटल्या होत्या. वेदना गेली म्हणजे दोरी भरून आली असं नसतं. इंजेक्शनच्या बाबतीत तुमचंही हेच झालं. ते सहा आठवडे दुखत नव्हतं तेव्हा तुम्ही काय केलंत? ऑर्डरी वाढवल्यात ना?

बंधनाचं एका वाक्यात: बाजारात मिळणारा कोपराचा पट्टा हाडावर नाही, त्याच्या दोन बोटं खाली मांसल भागावर बांधायचा, फक्त कामाच्या वेळी, आणि झोपताना काढायचा.

व्यायाम त्या पाचांच्या यादीत नाही. तो मी फिजिओथेरपीकडून घेतला आणि घेतला हे सांगायला मला संकोच नाही. माझं स्वतःचं कोपर, रुग्णांना मर्दन करून आणि खलात औषधं घोटून घोटून, सहा वर्षांपूर्वी असंच धरलं होतं. तेल माझ्या कपाटात होतं, उपनाह मी रोज बांधत होते, अग्निकर्म सहकाऱ्याने केलं. बरं वाटायचं आणि पुन्हा खल हातात घेतला की दुखायचं. शेवटी बारा आठवडे पाण्याच्या बाटलीने व्यायाम केला तेव्हा कुठे ते थांबलं.

पहिले दोन आठवडे हालचाल न करता नुसता जोर लावायचा. पुढचा हात टेबलावर, तळवा खाली, मूठ सैल. डाव्या हाताने उजव्या मुठीवर दाब द्यायचा आणि उजव्याने तो वर ढकलत स्थिर धरायचा. तीस ते पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा, दिवसातून दोनदा. मग अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर. डाव्या हाताच्या मदतीने बाटली वर आणायची आणि उजव्याने एकट्याने पाच मोजत हळूहळू खाली सोडायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, मधे मिनिटभर थांबून. झीज झालेली दोरी अशा सावकाश ताणातून चिवट होते. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका वाढलेला असेल तर मात्र वजन कमी करा. दोन-तीन आठवड्यांनी पाऊण लिटर, मग एक.

आता तुमच्या ओट्याकडे. व्यवसाय बंद ठेवा असं मी सांगणार नाही, घर त्यावर चालतं; आणि हात पूर्ण बांधून ठेवला तर दोरी आणखी दुबळी होते. पण तीन आठवडे एक तृतीयांश ऑर्डरी कमी करा किंवा तेवढ्यापुरती मदतनीस ठेवा. सव्वाशे पोळ्या म्हणजे साधारण चार किलोची कणीक, आणि माझ्या अनुभवात कोपराचं खरं वाटोळं लाटण्यापेक्षा ती तिंबण्यात होतं. एकदम चार किलोचा गोळा मळू नका. पीठ भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, ते आपोआप मऊ येतं, मग थोडं थोडं मळा, बोटांनी नाही तर तळव्याच्या टाचेने, मनगट सरळ ठेवून. जमलं तर कणीक मळायचं यंत्र घ्या. दोन इंजेक्शनांचा आणि बुडालेल्या ऑर्डरींचा खर्च आठवून बघा, मग ते फार महाग वाटणार नाही. ओटा कोपराहून उंच असेल तर पायाखाली पाट घ्या. बारीक लाटण्यापेक्षा जाड लाटणं बरं, आणि ते मुठीत आवळायचं नाही, तळव्याखाली फिरू द्यायचं. पंचवीस पोळ्यांनंतर दोन मिनिटं हात खाली सोडून बसा. तवा पकडीने एका हाताने उचलणं बंद. आणि कपडे पिळणं पुढचे तीन महिने घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, हे घरात जाहीर करून टाका.

पोटातल्या औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असेल. त्रयोदशांग किंवा लाक्षादि गुग्गुळ, रास्नासप्तक काढा, बद्धकोष्ठ असेल तर सुंठीच्या काढ्यातून थोडं एरंडेल, असं मी माणूस बघून देते. थायरॉईडच्या गोळ्या, आम्लपित्त, पाळीचा त्रास यांवर निवड बदलते, म्हणून इथे मात्रा लिहीत नाही. हाडजोड, अश्वगंधा वगैरे स्वतःच्या मनाने सुरू करू नका. साखर, थायरॉईड, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं एकदा तपासून घ्या. चाळिशीनंतर दुखणी रेंगाळण्यामागे यांतलं काहीतरी बरेचदा असतं. आणि पथ्य? वांगं सोडायचं की बटाटा, हे प्रत्येक जण विचारतो. मी उलट विचारते: तुम्ही जेवता कधी? सगळ्यांचे डबे गेल्यावर, दुपारी तीनला, तव्यावरची शेवटची करपलेली पोळी चहात बुडवून? वात वाढवायला वांग्याची गरजच उरत नाही. वेळेवर गरम जेवण, त्यात वरण किंवा उसळ, आणि पोळीवर चमचाभर तूप, एवढं पथ्य पाळलंत तरी पुष्कळ.

राहिली काळी पुडी. दोन दिवसांत दुखणं घालवणारी, नाव नसलेली पुडी दिसली की माझा पहिला संशय त्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक कुटून घातल्याचा असतो. आयुर्वेदाच्या नावावर खपतं म्हणून ते निर्धोक, असं समजू नका. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांमधून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं होतं. मला वैद्य म्हणून ते झोंबलं, पण नाकारता येत नाही. ज्या वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक आणि बॅच नाही ते तोंडात घालायचं नाही. तुम्ही पंधरा दिवस घेऊन थांबलात ते बरं झालं. एकदा साखर आणि रक्तदाब मोजून घ्या. वाचणाऱ्यांपैकी कुणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल तर ती एकदम बंद करू नका, आधी एखाद्या फिजिशियनना भेटा. स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

किती दिवस लागतील? मुळात हे दुखणं बऱ्याच जणांत वर्ष-दीड वर्षात आपोआपच शांत होत जातं, त्यामुळे कुठल्याही उपचाराचं सगळं श्रेय वैद्याने घेऊ नये. दोन इंजेक्शनं होऊन गेलेल्या हाताला मी साधारण तीन महिने धरते. पहिल्या तीन आठवड्यांत ठणका आणि रात्रीची झोपमोड कमी व्हावी, सहा-आठ आठवड्यांत पकड सुधारावी. हे सगळं नेमाने करून सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर सोनोग्राफी करून शल्यचिकित्सकांचं मत घ्यायला हरकत नाही. तशी वेळ थोड्याच जणांवर येते.

तीन आठवड्यांनी मला दोनच गोष्टी कळवा: तळवा खाली ठेवून दुधाची पिशवी उचलताना दहापैकी किती दुखतं, आणि तो पांढरा डाग तितकाच आहे की कडेने रंग भरायला लागलाय. आणि मान वळवल्यावर मुंग्या येत असतील तर तीन आठवडे थांबू नका, लगेच लिहा.